तिसरी उशी

शमीम, तू गेलीस त्या दिवशी आमचे हे रडले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हाच माणूस हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. मी शुद्धीवर आल्यावर मला विचारलं काय, तर 'गॅसची टाकी संपत आली की तुला कसं कळतं गं?' आणि तुझ्या दारात, कामशेतच्या त्या गर्दीत, रुमाल तोंडाला लावून ढसाढसा रडत होते. 'काय बाई होती,' म्हणाले. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? दुःख नंतर आलं. आधी आलं, की बघा, हेही हिलाच मिळालं.

तुझा चाळीसावा अजून व्हायचाय. तोवर सगळे तुझं चांगलंच बोलतायत, मीही बोलतेय. बायकांत बसून तुझ्या हसण्याचं, तुझ्या हातच्या शिरखुर्म्याचं कौतुक केलं, डोळे पुसले. खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं. म्हणून म्हटलं, तुझ्याशी तरी एकदा धड बोलावं. मी तुझ्यावर जळत होते गं. पहिल्या दिवसापासून.

तो पहिला दिवस तुला आठवत असेल. केमोच्या हॉलमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्या. मी टाकव्याच्या शाळेतली मास्तरीण, तू कामशेतच्या बाजारातल्या गादीवाल्या रशीदभाऊंची बायको. दोघींच्याही छातीत गाठ, दोघींनाही तीच लाल बाटली, दर एकवीस दिवसांनी. माझी शीर सापडेना म्हणून तीनदा टोचलं. तुझी एका फटक्यात सापडली. वर तू सिस्टरला म्हणालीस, 'हात लय हलका हाय तुमचा.' ती सिस्टर त्या दिवसापासून तुझी झाली. आणि मी रडू आवरत बघते तर रशीदभाऊंनी पिशवीतून वीतभर उशी काढली. सावरीच्या कापसाची, फुलाफुलांच्या खोळीची. सुईचा हात अवघडू नये म्हणून त्यांनी ती आदल्या दिवशी बसून शिवली होती. माझा हात खुर्चीच्या गार लोखंडी दांड्यावर पडला होता.

तू माझी नजर पाहिलीस. तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही, तेही एक दुखणंच होतं माझं. पुढच्या खेपेला माझ्यासाठीही तशीच उशी आली. मी घेतली. आणि शेवटच्या बाटलीपर्यंत मला वाटत राहिलं, की तुझीच जास्त मऊ आहे.

आपण लोकलनं जायचो. तू कामशेतला चढायचीस, मी पुढच्या स्टेशनला, कान्ह्याला. तू खिडकीची जागा धरून ठेवलेली असायचीस, पर्स ठेवून, वर ओढणी पसरून. कुणी बसायला आलं की म्हणायचीस, 'आमच्या बाई येनार हायेत तितं.' आमच्या बाई! जशी काही मी तुझ्या पोरांना शिकवलं होतं. एकदा मी विचारलंसुद्धा, 'अगं, मला नुसतं मंदा म्हण की.' तू म्हणालीस, 'न्हाई ओ, मास्तरणीला नावानं हाक मारली तर माझी आई वरून खाली येऊन कान पिळंल.' मी तुला बिनदिक्कत अगं-तुगं करत राहिले. वयानं मोठी होते ना, तेवढाच माझा मोठेपणा.

मग केस गेले, आणि बाटल्या संपल्यावर परत आले. माझे आले ते पांढरे, काडीसारखे. तुझे काळेभोर आणि कुरळे! जन्मभर सरळ होते म्हणे, औषधानं कुरळे झाले. कॅन्सरनंसुद्धा तुला काहीतरी देऊन पाठवलं, असं मी आमच्या ह्यांना तणतणत सांगितलं होतं. ते म्हणाले, 'तिला शोभतात पण.' त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही.

शेवटच्या बाटलीच्या दिवशी डॉक्टरांनी आपल्या दोघींना एकत्रच समजावलं. हे लाल औषध गाठीला मारतं, पण काहीजणांच्या हृदयालाही धक्का लावून जातं. लगेच कळत नाही. कुणाला काही महिन्यांनी, कुणाला वर्षांनी. दम लागेपर्यंत, पाय सुजेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. म्हणून काही होत नसतानाच इको काढायचा, म्हणजे हृदय किती जोरानं रक्त ढकलतंय ते पडद्यावर बघायचं, आणि औषध सुरू व्हायच्या आधी काढलेल्या इकोशी ताडून बघायचं. तू हसलीस. 'काय होत न्हाई तर दवाखान्यात कोन जातं ओ डाक्टर?' डॉक्टरही हसले. तुझ्या बोलण्यावर सगळेच हसायचे.

मार्चमध्ये इकोची तारीख होती. त्या दिवशी तू आधीच्या लोकलनं जाऊन दोघींचे नंबर लावलेस, तुझा आधी, माझा मागून. बाकावर बसून बसून पाठ धरली. एक वाजत आला तेव्हा सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, इकोच्या मॅडमना निघायचंय, आता एकच होईल, बाकीच्यांनी पुढची तारीख घ्या. आणि तुझं नाव पुकारलं.

तू उठलीस. रशीदभाऊ दुकान बंद ठेवून तुझ्यासाठी आले होते. आणि तू म्हणालीस, 'बाईंना घ्या आधी. त्यांची शाळा हाय, सारखी सारखी रजा न्हाई मिळत. मी काय, घरचीच मालकीण.'

अख्खा बाक तुझ्याकडे बघत राहिला. एक म्हातारी तर म्हणाली, 'लाख मोलाची गं पोर!' माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला तो नंबर हवा होता, शमीम, अगदी हवा होता, आणि तो तुझ्याकडून नको होता. मी फाईल उचलली आणि आत गेले. तुला साधं 'येते हं' म्हटलं नाही.

आत डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला गार जेल लावलं. मॅडम आधी गप्पा मारत होत्या. टाकव्याला कुठे, शाळा कितवीपर्यंत. मग एकदम बोलायच्या थांबल्या. पडद्याकडे बघत परत परत तेच यंत्र तिथंच फिरवायला लागल्या. मग एकेक विचारायला लागल्या. चालताना दम लागतो? नाही. पायाला सूज? नाही. आडवं पडल्यावर कसंतरी होतं? नाही. झोपताना उशी उंच लागते का, एकीच्या दोन करायला लागल्या का? मी म्हटलं, 'नाही हो. एकच, तीही चपटी.'

मॅडम म्हणाल्या, 'तेच बरंय. तुम्हाला काही कळायच्या आत यंत्राला कळलं.' माझं हृदय आधीपेक्षा कमी जोरानं आवळत होतं. मला कणभरही जाणवत नव्हतं. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या.

बाहेर येऊन तुला सांगितलं तर तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. माझं हृदय आणि रडतेस तू! मी कोरडीच. माझ्या डोक्यात चाललं होतं, की हिचा इको निघाला ना, तर तो झकास येणार बघा. शीर एका फटक्यात, केस कुरळे, आणि हृदयही ठणठणीत. तुला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

आणि त्या तारखेला तू गेली नाहीस. लग्नसराई तोंडावर आली होती, रुखवतात द्यायच्या गाद्यांची ही रांग, खोळी शिवायला तुझ्याशिवाय कोण? मी फोन केला होता, आठवतंय? म्हटलं, जाऊन ये गं. तू म्हणालीस, 'जाईन की. गाद्या तर हुंदेत. आन् बाई, तुमच्या हृदयाला लागलं म्हंजे माझ्या बी लागलं असंल असं थोडंच हाय?' तू मला धीर द्यायला बोललीस की स्वतःला, आता कोण सांगणार. मला मात्र ते टोचलं. म्हणजे माझं तेवढं तकलादू आणि तुझं पोलादी काय? मी म्हटलं, 'नको जाऊस मग. तुझं तू बघ.' आणि फोन ठेवला. ते भांडण तसंच राहिलं. तुझ्या लेखी भांडण नव्हतंच ते. दोन दिवसांनी तू लसणाची चटणी पाठवलीस.

मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. शाळेत पोरांना एकेक पाढा शंभरदा म्हणायला लावणारी बाई मी. तुला एकदा सांगून मोकळी झाले.

एप्रिलमध्ये आपण बेडशाला गेलो. बाटल्या संपल्या की लेणी चढायची असं ठरलं होतं आपलं. मला डॉक्टरांनी सावकाश चालायची परवानगी दिली होती. रशीदभाऊंनी टेम्पोनं पायथ्याशी सोडलं. निम्म्या पायऱ्या झाल्या आणि तू बसलीस. 'तुमी व्हा म्होरं, बाई. मी जरा टेकते.' थोडं चढून तू पुन्हा टेकलीस, आणि मग पुन्हा. चपलेचा पट्टा पावलात रुतला होता, तो बोटानं सैल करत होतीस. मी वर पोचले. लेण्याच्या खांबाला हात लावून खाली बघितलं तर तू तिथंच, ओढणीनं वारा घेत.

मला आनंद झाला होता. ऐकतेस ना? त्या खांबाला टेकून मला आनंद झाला होता, की एका तरी गोष्टीत मी तुझ्या पुढं आहे. खाली आल्यावर मी तुला म्हटलं, 'लाडानं जाडी झालीस तू.' तू हसायला गेलीस आणि तुला खोकला आला.

मग मे महिना. सुट्टी होती, आमच्याकडे डोंगरची करवंदं आली होती, ती द्यायला मी दुपारी तुझ्या घरी आले. तू पलंगावर टेकून बसली होतीस. पाठीशी उशांचा ढीग. रशीदभाऊ पाणी घेऊन आले, आणि काय त्यांच्या तोंडावर कौतुक! 'ही तिसरी कालच शिवली, बाई. आडवं पडलं की हिला बरं न्हाई वाटत. दोन पुरंनात. म्हनलं, गादीवाल्याच्या बायकोला उशी कमी पडली तर लोक हसतील.'

मला तो प्रश्न विचारून पुरते दोन महिनेही झाले नव्हते. एकीच्या दोन करायला लागल्या का? तुझ्या नंबरावर आत जाऊन मी तो ऐकला होता. कामशेतच्या त्या खोलीत त्या प्रश्नाचा अर्थ कळणारी मी एकटीच होते. आणि मी काय म्हणाले? 'अगं बाई गं, काय थाट! तीन-तीन उशा! आमच्याकडे एक आहे, तीसुद्धा मानेखालून ओढून घेतात.'

तुम्ही दोघं हसलात. मी करवंदं ठेवली आणि आले. येताना रिक्षात मी तुझ्या नवऱ्याची आणि माझ्या नवऱ्याची तुलना करत होते. प्रश्न आठवला नाही असं नाही. कुठंतरी काहीतरी खुपलं होतं. पण त्याच्यावर मी माझा सगळा जळफळाट पसरून बसले होते, खालचं दिसणार कुठून?

अकराव्या दिवशी तू गेलीस. हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी साठलं होतं, हॉस्पिटलात नेईतो उशीर झाला होता, असं मला फोनवर तुझ्या जावेनं सांगितलं. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, आणि मला दुसरं काही दिसलं नाही. तीन उशा दिसल्या.

आठवड्यानं मी रशीदभाऊंना भेटायला दुकानात गेले. दुकान उघडं होतं, पण काम बंद. कापसाच्या गठ्ठ्यावर बसले होते. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, 'बाई, तुमी शिकलेल्या. एक इचारू? त्या दिशी डाक्टरनी मला इचारलं, बायकोला झोपताना किती उश्या लागायच्या? मी म्हनलं, तीन. मीच शिवल्या, म्हनलं. तर त्यो माझ्याकडं बघतच राह्यला. का इचारलं असंल त्यानं?'

मी म्हटलं, 'सहज विचारलं असेल.' आणि रिक्षा पकडली.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं, सगळं, पहिल्यांदाच. ते शब्दकोडं बाजूला ठेवून ऐकत होते. म्हणाले, 'गप्प बस. गेलेली माणसं परत येत नाहीत. त्या माणसाला कशाला आणखी जाळतेस? आणि तुला काय म्हणेल तो?' तेही खरंच होतं. सांगितलं तर त्याच्या हातानं शिवलेली उशी त्याला जन्मभर टोचणार. नाही सांगितलं तर तो प्रश्न टोचणार, गठ्ठ्यावर बसून तो तेच तेच उगाळणार. आणि मी? कामशेतच्या बाजारात तुझी जिवाभावाची मैत्रीण म्हणून मिरवत राहणार.

मधल्या काळात माझा दुसरा इको झाला. हृदयाच्या जोराचा आकडा वर आलाय. मॅडम खूश झाल्या, म्हणाल्या, वेळेत सापडलं, नशीबवान आहात. मी बाहेर येऊन त्याच बाकावर बसले. नशीब कुणाचं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. शेजारची बाई मला म्हणाली, 'रिपोर्ट वाईट आला का हो?' मी म्हटलं, 'चांगला आलाय,' आणि मला आवरेचना.

काल गेले, शमीम. सरळ दुकानात गेले आणि उभ्याउभ्याच सांगायला लागले, नाहीतर पुन्हा पळाले असते. म्हटलं, 'भाऊ, त्या दिवशी मी खोटं बोलले. हृदय थकलं की आडवं पडल्यावर छातीत पाणी भरतं, दम कोंडतो. म्हणून माणसाला उंच लागतं. डॉक्टरांनी त्यासाठी विचारलं. उशीनं तिचं काही वाईट झालं नाही. उशीमुळं तिला तेवढी तरी झोप लागली. तुम्हाला हे कळायचं काही कारणच नव्हतं. मला होतं. तिनं मला तिचा नंबर दिला, आत मला हाच प्रश्न विचारला. आणि तुमच्या घरात त्या तीन उशा बघून मला तिचा हेवा वाटला. नुसता हेवा. मी तिला टोमणा मारून निघून आले.'

 मांडीवर एक खोळ होती, ते तिला चिकटलेला कापूस वेचत राहिले. बाहेर कुणीतरी तक्क्याची चौकशी करायला आलं, त्याला त्यांनी हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता मलाही तसंच घालवतील. घालवायलाच हवं होतं. मी पर्स खांद्याला लावली.

तर मान वर करून म्हणाले, 'बाई, तुमाला किती लागत्यात?'

मला आधी कळेना काय विचारतायत.

'उश्या. झोपताना.'

'एक,' मी म्हटलं.

'एकच?'

'एकच. चपटी.'

'दुसरी मागावीशी वाटली तर मागायची न्हाई. मी शिवनार बी न्हाई. आधी मला फोन करायचा. मी शटर ओढतो आन् तुमाला घेऊन जातो.' मग खोळ घडी घालून बाजूला ठेवली आणि मला बसायला स्टूल पुसून दिलं. चहा सांगितला. मी प्यायले, रडत रडत, भर बाजारात.

कुणीतरी मला असं विचारावं, एवढंच मला वर्षभर हवं होतं गं. तेवढ्यासाठी तुझ्यावर जळत होते. काल ते मिळालं. आता ते तुला परत करता आलं असतं, तर कान्ह्याहून कामशेतपर्यंत मी धावत आले असते, शमीम, दम लागला असता तरी.